हात डोक्यावर जाईपर्यंत

रेडिएशनच्या टेबलावर बाईला उताणं झोपवतात आणि हात डोक्याच्या वर, मागच्या आधारावर ठेवायला सांगतात. किरण छातीवर आणि काखेच्या बाजूनं तिरके जायचे असतात, हात वाटेत येऊन चालत नाही. आधी त्याच स्थितीत सीटी स्कॅन होतो, त्यावर आखणी होते, कातडीवर बारीक खुणा केल्या जातात आणि मग रोज, अगदी तसंच झोपून, न हलता काही मिनिटं काढायची असतात. जिचा एक स्तन काढलाय आणि काखेतल्या गाठीही काढल्यात, तिचा हात शस्त्रक्रियेनंतर चौथ्या आठवड्यातही कानापर्यंत पोचत नसेल, तर सीटीची तारीख पुढे जाते. मशीन आहे, डॉक्टर आहेत, पैसे मंजूर झालेत आणि सगळं अडलंय एका खांद्यापाशी. तेव्हा ती माझ्याकडे येते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माहेर मिरज, म्हणजे दवाखान्यांच्या गावातच वाढले. नवऱ्याच्या बदलीमुळे कोलकात्यात आले आणि इथल्या एका रुग्णालयात लागले. मान, खांदा, गुडघा असं सगळं काम आधी केलेलं होतं. इथे हळूहळू स्तनाच्या कॅन्सरच्या बायकाच माझ्या वाट्याला येऊ लागल्या, कारण छातीवरची पट्टी उघडायची तर समोर बाईच हवी असते. त्या मला ‘बॉम्बेर दिदी’ म्हणतात. मिरज आणि मुंबई यांतलं अंतर समजावून सांगणं मी कधीच सोडून दिलं. त्यांच्यापैकी बऱ्याच जणींचा कुणी काका, कुणी मावसभाऊ गीतांजली एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन परळच्या ‘टाटा’त उपचार घेऊन आलेला असतो. त्यांच्या लेखी मुंबई म्हणजे समुद्र नाही की सिनेमा नाही, ते रुग्णालय आहे. आणि मी त्या गावची, म्हणजे मला येत असणारच, असा त्यांचा भरवसा असतो.

मुर्शिदाबाद, मालदा, बर्दवान, झारखंडातलं दुमका, त्रिपुरा, सीमेपलीकडचं खुलना, कुठून कुठून येतात. कामाला लागले तेव्हा मला सर्वांत जड गेलं ते त्यांचं वय. अभ्यासाच्या पुस्तकांतली बाई पन्नाशी-साठीची होती. माझ्यासमोर सत्तावीस, एकतीस, चौतीस वर्षांच्या मुली बसलेल्या असत. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं अलीकडच्या वयात दिसतो. त्यातला बराचसा भाग आपली लोकसंख्याच तरुण असण्याचा आहे. तरुण बायका जास्त, म्हणून रांगेतही त्या जास्त. तरुणींमध्ये काही साथ आल्यासारखं घाबरून जाण्याचं कारण नाही. पण रांगेत उभी असलेली मुलगी मात्र खरी असते. जागतिक कर्करोग नोंदीच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात स्तनाच्या कॅन्सरच्या १,९२,०२० नवे रुग्ण आणि ९८,३३७ मृत्यू. म्हणजे इकडे दोन नव्या रुग्णांची भर पडते, तेव्हा तिकडे एक जाते. लवकर सापडला तर बहुतेकींना वाचवता येणारा हा आजार आहे, म्हणून हे आकडे मला फार लागतात.

तरुण मुलींना उशीर होतो तो बऱ्याचदा दुधापायी. बाळ अंगावर पितंय, छातीत गाठ लागतेय, घरातली मोठी बाई म्हणते दूध साचलंय, शेक दे. गावातला डॉक्टरही तेच म्हणतो. आणि खरोखरच दहातल्या बहुतेक गाठी दुधाच्या किंवा निरुपद्रवीच निघतात, म्हणून तर फसगत होते. न दुखणारी, न हलणारी, शेकून दोन-तीन आठवड्यांत न विरघळणारी गाठ सोनोग्राफीला गेलीच पाहिजे, आणि शंका राहिली तर सुईनं तुकडा काढून तपासलीच पाहिजे. बाळ पीत असतानाही या दोन्ही तपासण्या करता येतात. हे मी भेटेल त्या प्रत्येक बाईला सांगते, लोकलच्या डब्यातसुद्धा.

पण माझं काम सुरू होतं ते यानंतर. फाइल माझ्या हातात येते तेव्हा तिच्यात गाठीचं माप असतं, काखेतल्या किती ग्रंथींमध्ये रोग सापडला ते असतं, ईआर, पीआर, हर-टू या तपासण्यांचे निकाल असतात, केमोची औषधं आणि त्यांचे डोस असतात. हे सगळं अचूक हवंच, जीव त्यावर अवलंबून आहे. तरी एक गोष्ट त्या कागदांत मला कधी सापडली नाही : ही बाई दिवसभर हातानं काय करते? म्हणून मी तो प्रश्न पहिल्या भेटीत विचारते आणि फाइलच्या आतल्या पानावर पेन्सिलीनं उत्तर लिहून ठेवते. सकाळी उठल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत हात काय काय करतो, ते सांग. मग एकेक निघतं. ट्यूबवेलचा दांडा मारायचा. बसून विळीवर मासळी आणि भाजी चिरायची. पाट्यावर मोहरी वाटायची. सियालदाहला जाणाऱ्या लोकलमध्ये वरची कडी धरून उभं राहायचं. कांथाचे टाके घालायचे. शाळेतल्या फळ्यावर लिहायचं. लॅपटॉपवर नऊ तास बसायचं. आणि दर दुसऱ्या उत्तरात असतं : बाळाला कडेवर घ्यायचं.

उपचाराचं यश मोजायची पद्धत पाच वर्षांची आहे. पाच वर्षं रोगाशिवाय गेली की आकडा चांगला धरतात. एकतीस वर्षांच्या मुलीपुढे मात्र चाळीस वर्षांचं काम पडलेलं असतं. ‘जीव वाचला ना, आणखी काय हवं’ असं तिला नातेवाईक म्हणतात, शेजारी म्हणतात, कधी कधी दवाखान्यातली माणसंही म्हणतात. मला ते मान्य नाही. जीव वाचवण्यासाठी एवढं सगळं केलं, ते तिनं पुढे जगावं म्हणून, आणि जगणं तिच्या दोन हातांनीच होणार आहे.

काखेत काय घडतं ते सांगते. छातीतला लसीकाद्रव काखेतल्या ग्रंथींमधून वाहतो, आणि त्याच ग्रंथींमधून हातातलाही. रोग पसरायचा तर बहुधा आधी इथे येतो, म्हणून इथल्या ग्रंथी काढून तपासतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतले सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतलं सगळं काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली, आणि पाऊणशे वर्षं जगभर तीच चालली. त्या बायकांच्या फासळ्या कातडीखाली दिसत आणि हात सुजून जड होत. इटलीत उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी हजारो रुग्णांवर केलेल्या तुलनात्मक चाचण्यांनी दाखवलं की कमी कापूनही बायका तितक्याच जगतात. आता शक्य असेल तिथे पहारेकरी ग्रंथी म्हणजे सेंटिनल नोड तेवढ्या काढून बघतात. सगळ्या ग्रंथी काढल्या तर साधारण पाचातल्या एकीचा हात पुढे कधीतरी सुजतो. थोड्याच काढल्या तर सुमारे अठरातल्या एकीचा. पण सेंटिनल नोड बघायला रोग लवकर सापडावा लागतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकींना तो उशिरा सापडलेला असतो.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात जाते. काखेतून नळी निघालेली असते, मुलगी हात पोटाशी घट्ट धरून पडलेली असते, जणू तो हलला तर टाके सुटतील. मूठ उघड-मीट, मनगट, कोपर, आणि खांदा काटकोनापर्यंतच, एवढंच आठवडाभर. नळी निघाली की भिंत. भिंतीपाशी उभं राहायचं, बोटांनी चढत जायचं, जिथवर ताण सोसेल तिथे पेन्सिलीनं रेघ मारायची, दुसऱ्या दिवशी रेघेच्या थोडं वर. दारावरून दोरी टाकून चांगल्या हातानं दुखरा हात ओढायचा. केस विंचरायचे, ते उरले असतील तर. केमोनं गेले असले तरी रिकाम्या डोक्यावर कंगव्यासारखा हात फिरवायचा. काही जणींच्या काखेतून कोपरापर्यंत कातडीखाली ताणलेल्या दोऱ्या उमटतात, हात सरळ केला की तटतटतात. बायका घाबरतात, शीर तुटली म्हणतात. त्या लसीकावाहिन्यांच्या कडक झालेल्या दोऱ्या असतात. हळूहळू ताणत गेलं की काही आठवड्यांत जातात. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहतो तो तिथल्या कातडीची नस कापली गेल्यानं, आणि तो कित्येकदा कायमचा असतो. ते मी आधीच सांगून टाकते. आधी कळलेलं माणूस सोसतं.

रेडिएशनची तारीख कशासाठी पाळायची ते समजावून सांगावं लागतं. बायकांना ‘रे’ची भीती वाटते. मी त्यांना सांगते की मादाम क्युरींची मुलगी इरेन जोलिओ-क्युरी, जी स्वतः नोबेल मिळवलेली, ती तुमच्या याच शहरात आली होती आणि २ जानेवारी १९५० रोजी हाजऱ्याच्या चित्तरंजन कॅन्सर रुग्णालयाचं उद्घाटन तिनं केलं. त्या रुग्णालयाआधी १९२६ साली तिथे सेवासदन उभं राहिलं होतं, खास बायकांसाठी, आणि ते देशबंधू चित्तरंजन दासांच्या देऊन टाकलेल्या घरात. गणपतीत मी हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात आरतीला जाते तेव्हा ते सगळं मनात येतं. आणि न्यू टाउनमधल्या टाटा मेडिकल सेंटरनं २०१९ मध्ये एक मोठी चाचणी सुरू केली : तीन आठवड्यांत १५ वेळा द्यायच्या किरणांऐवजी एकाच आठवड्यात ५ वेळा दिले तर चालतात का. दोन हजारांहून जास्त रुग्णांची ती आखणी आहे. मालद्याहून येऊन भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, घरी लहान मूल सोडून आलेल्या बाईसाठी दोन आठवडे म्हणजे काय, हे ज्यानं ती खोली पाहिलीय त्यालाच कळेल. राज्याचं स्वास्थ्य साथी कार्ड वर्षाला ५ लाखांपर्यंत खर्च उचलतं आणि ते घरातल्या बाईच्या नावावर असतं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. पण बुडालेल्या मजुरीचं काय? खोलीचं भाडं, आगगाडीचं तिकीट?

आता शाँखा-पोल्याबद्दल. बंगालात लग्न झालेली बाई दोन्ही हातांत शंखाची पांढरी आणि पोवळ्याची लाल बांगडी घालते, आणि डाव्या हातात लोहा, लोखंडाचं कडं. बारासातची एक मुलगी आली होती, एकोणतीस वर्षांची, डाव्या बाजूची शस्त्रक्रिया झालेली. काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढल्या होत्या. ऑपरेशनच्या वेळी काढलेले शाँखा-पोला तिनं घरी गेल्या गेल्या साबण लावून परत चढवले होते. माझ्याकडे आली तेव्हा मनगटाच्या वर सूज होती आणि बांगडी कातडीत रुतली होती. अंगठ्यानं दाबलं की खळगा पडत होता आणि हळूहळू भरत होता. काढावी लागेल म्हटलं तर तिनं हात मागे घेतला. मी समजू शकत होते. आमच्याकडेही बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. रिकामा हात काय सांगतो ते सांगलीतही तेच आणि बारासातातही तेच. आणि ही तर आधीच एक स्तन गमावून बसलेली, डोक्यावर केस नाहीत, त्यात सौभाग्याची खूणही मीच उतरवा म्हणतेय.

मी तिला सासूला घेऊन यायला सांगितलं. माशिमा आल्या, पांढऱ्या लालकाठी साडीत, ओठ घट्ट मिटून. मी सुनेच्या दोन्ही हातांचं पट्टीनं माप घेतलं, त्यांनाच पट्टीचं एक टोक धरायला दिलं. मग डाव्या हातावर दाबून खळगा दाखवला. अशा सुजलेल्या हाताला विळीची साधी चीर पडली किंवा डास चावून खाजवलं तरी जंतू आत शिरतात, थंडी वाजून ताप भरतो, हात लाल होऊन आणखी सुजतो. बांगडी रुतली की द्रव तिथेच अडतो. हे सगळं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, दोन्ही हातांचं एका हातात घातलं तर? उजव्यात? मी म्हटलं, उजव्यात कितीही घाला. त्यांनी तिथेच, माझ्या टेबलावर, सुनेच्या डाव्या हाताला साबण लावून बांगड्या उतरवल्या आणि उजव्या हातात चढवल्या. लोहा गळ्यातल्या साखळीत ओवला. त्या दिवसापासून असा प्रश्न आला की मी माशिमांचा तोडगा सांगते, आणि सासूनंच काढलाय हेही सांगते. सासूचं नाव घेतलं की इतर सासवा ऐकतात.

दाबपट्टा, म्हणजे कॉम्प्रेशन स्लीव्ह, हा वेगळाच झगडा आहे. मे महिन्यात कोलकात्याची दमट हवा आणि बोटांपासून काखेपर्यंत घट्ट बाही! घामानं पुरळ येतं, बुरशी होते. पण सकाळी हात सर्वांत कमी सुजलेला असतो तेव्हा ती चढवली आणि कामाच्या वेळी घातली तर फरक पडतो. आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, रात्री खोबरेल तेल लावा, भाजी चिरताना त्या हातात मोजा घाला, एवढं तरी पाळा म्हणते. खेड्यातल्या घरांत सुजलेला हात म्हणजे ‘गोद’, हत्तीरोग असं समजून मुलांना जवळ येऊ देत नाहीत, ताट वेगळं करतात. तेव्हा मी नवऱ्याला समोर बसवून सांगते की हे डासांमुळे झालेलं नाही, हे कुणाकडून कुणाला लागत नाही.

एका सुट्टीच्या दिवशी मी हावड्याहून लोकलनं श्रीरामपूरला गेले होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथल्या कॉलेजात आनंदीबाई जोशी बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचं अठरावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात तिथे नोकरीला होते. डॉक्टर व्हायला अमेरिकेला का जाते, हे सांगताना आनंदीबाईंनी मांडलेला मुद्दा हाच होता की या देशातल्या बायकांना बायका डॉक्टर हव्यात. पुढं ७ एप्रिलला त्या कोलकात्याहून बोटीत बसल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन निघाल्या. नदीकाठच्या त्या कॉलेजासमोर उभी असताना माझ्या मनात वॉर्डातल्या मुलीच होत्या. गाठ लागूनही पुरुष डॉक्टरपुढे ब्लाउज उघडायला नको म्हणून सहा-सहा महिने गप्प बसलेल्या. एवढ्या वर्षांनीही. आणि शस्त्रक्रियेनंतर त्याच लाजेनं खांदे पुढे काढून, पाठीला पोक काढून चालणाऱ्या, ओढणी, पर्स, मुलाची वही, जे हाताशी असेल ते छातीसमोर धरणाऱ्या. महिनोन् महिने असं चाललं की छातीचे स्नायू आखडतात, खांद्याचा सांधा पुढे सरकून घासायला लागतो, आणि मग हात वर जाईना म्हणून त्या येतात. अशा मुलीला नुसता व्यायाम देऊन भागत नाही. ब्लाउजच्या आत कापूस आणि मोहरी भरून योग्य वजनाची गादी कशी शिवायची हे मी दाखवते, कारण दोन्ही बाजूंचं वजन सारखं झालं की पाठ आपोआप सरळ होते. इथल्या ‘हितैषिणी’ संस्थेतल्या बायका स्वतः या आजारातून गेलेल्या आहेत. त्यातली एखादी ताठ चालत समोर आली की माझ्या दहा सूचनांपेक्षा जास्त काम होतं.

फिलाडेल्फियाचं नाव माझ्या कामात आणखी एका कारणानं येतं. शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हातानं वजन उचलायचं नाही, ही सूचना कित्येक वर्षं जगभर छापून दिली जाई. बादली नाही, पिशवी नाही, मूल नाही. आधार काय होता? फारसा काही नव्हता, भीती होती. तिथल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कॅथरिन श्मिट्झ यांनी हे तपासून पाहिलं. ज्यांचा हात आधीच सुजलेला होता अशा १४१ बायकांपैकी निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, हळूहळू वाढवत, वजन उचलायला लावलं. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : सूज वाढली नाही, उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले. पुढच्या वर्षी ज्यांना सूज नव्हती अशा १५४ जणींचे निष्कर्ष आले. पाच किंवा जास्त ग्रंथी काढलेल्यांमध्ये, वजन न उचलणाऱ्यांपैकी २२ टक्के जणींचे हात सुजले होते, उचलणाऱ्यांपैकी ७ टक्के. २०१६ मधल्या बॉस्टनच्या एका अभ्यासात त्या हातावर रक्तदाब मोजणं, रक्त काढणं किंवा विमानप्रवास यांचा सुजेशी संबंध सापडला नाही. जंतुसंसर्ग आणि अंगाचं जादा वजन यांचा सापडला.

हे आकडे मी पाठ केलेत ते दीड वर्षाच्या एका मुलासाठी. त्याची आई दुर्गापूरची, एकतीस वर्षांची. तिला घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी इतकं घाबरवलं होतं की शस्त्रक्रियेपासून तिनं मुलाला उचललंच नव्हतं. ते तिच्या पायाला मिठी मारून रडायचं आणि आजी त्याला ओढून न्यायची. तिनं मला दुसरं काही विचारलंच नाही. ‘बाच्चाके कोले निते पारबो तो, दिदी?’ कडेवर घेता येईल ना? मी म्हटलं, येईल, पण चढत चढत जाऊ. सहा आठवड्यांपर्यंत त्यानं खुर्चीवर चढून तिच्या मांडीवर यायचं, तिनं बसून त्याला कवेत घ्यायचं. मग अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, मग एक लिटरची, मग दोन किलो तांदळाची पिशवी, मग पाच. दर आठवड्याला दोन्ही हातांचं माप. माप वाढलं की तिथेच थांबायचं, उतरलं की पुढे जायचं. मुलाचं वजन दहा किलोच्या आसपास होतं. ती माझ्यासमोर त्याला पहिल्यांदा उचलायला वाकली तेव्हा आजी हात पुढे करून उभी होती, पडलं तर धरायला. पडलं नाही. पुढच्या वेळी आजी आली नाही, ती दोघंच आली.

सगळ्याच गोष्टी अशा सुटत नाहीत. जंगीपूरकडची एक बाई, तेहतीस वर्षांची, विड्या वळणारी. मुर्शिदाबादच्या त्या पट्ट्यात घरोघरी हे काम चालतं, आपल्या सोलापुरात चालतं तसंच. मजुरी हजार विड्यांवर. तिचा खांदा उत्तम सुटला, हात वर गेला, सूज नाही. पण पॅक्लिटॅक्सेल या औषधानं बोटांच्या टोकांची जाणीव गेली. आधी मुंग्या, मग बधिरपणा. पान हातात आहे की नाही हे तिला बघितल्याशिवाय कळेना, दोरा गुंडाळताना विडी सुटून जाई. निम्म्यासुद्धा विड्या होईनात. केमो चालू असतानाच बोटं बधिर व्हायला लागली होती. तिनं डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण सांगितलं तर औषध थांबवतील आणि मग आपण मरू असं तिला वाटलं. खरं तर वेळेवर सांगितलं तर डोस किंवा औषधांतलं अंतर बदलता येतं, काही ठिकाणी औषध चढत असताना बर्फाचे हातमोजेही घालतात. आता मी केमोच्या खोलीत जाऊन प्रत्येकीला डोळे मिटून बटण लावायला सांगते. बटण लागेनासं झालं की ते डॉक्टरांच्या कानावर घालायचं, हे तिच्याच नव्हे, बरोबरच्या माणसाच्याही डोक्यात बसवते. त्या विडीवालीची जाणीव वर्षभरात थोडी परतली, पूर्ण नाही. आता ती विड्या वळत नाही, गठ्ठे बांधते, त्याची मजुरी कमी.

सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत काम करणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या मुलीला खांद्याचं काही विशेष नव्हतं. तिला लग्न करायचं होतं, मूल हवं होतं. केमो सुरू होण्याआधी स्त्रीबीजं गोठवून ठेवता येतात आणि त्याला साधारण दोन आठवडे लागतात, हे तिला कुणी बोललं नव्हतं. मैत्रिणीनं सांगितलं म्हणून ती विचारू शकली. हार्मोनच्या गोळ्या मध्येच काही काळ थांबवून गर्भधारणा करता येते आणि निदान पहिल्या काही वर्षांत तरी त्यानं रोग परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसत नाही, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानं दाखवलं. हे माझ्या विषयातलं नाही, तरी मी केमोआधी भेटणाऱ्या प्रत्येक तरुण मुलीला विचारते : मुलांचं डॉक्टरांशी बोललीस का? ‘जीव महत्त्वाचा की मूल’ असं तिला विचारायचा कुणाला काय अधिकार? दोन्ही तिचंच आहे.

दुर्गापूजेच्या आधी माझ्याकडे गर्दी वाढते. दशमीला सवाष्ण बायका देवीला निरोप देतात, मूर्तीच्या कपाळाला सिंदूर लावतात, ओठांशी मिठाई नेतात. मूर्ती उंच असते, स्टुलावर चढून हात पार वर न्यावा लागतो. महालयाच्या सुमाराला येऊन मुली म्हणतात, दिदी, दशमीपर्यंत हात जायला हवा. रेडिएशनच्या तारखेसाठी कंटाळा करणाऱ्या मुली देवीसाठी भिंतीपाशी दिवसातून पाच वेळा उभ्या राहतात. मी त्यांना दशमीची तारीख लिहून देते, सीटीची तारीख त्याच्या खाली लिहिते.

मला अजून जे जमवता आलेलं नाही ते मापाचं आहे. हात सुजलाय की नाही हे ठरवायला आधीचं माप लागतं. उजव्या हातानं काम करणारीचा उजवा हात मुळातच जाड असतो, त्यामुळे नंतर घेतलेलं माप फसवतं. शस्त्रक्रियेच्या आधी दोन्ही हातांचं, मनगटापासून काखेपर्यंत दर चार सेंटिमीटरवर, साध्या शिंप्याच्या पट्टीनं माप घेतलं आणि लिहून ठेवलं, तर पुढे डोळ्यांना दिसण्याआधीच सूज पकडता येते, आणि तेव्हा ती बहुधा आटोक्यातही येते. दहा मिनिटांचं काम आहे, औषध नाही की यंत्र नाही. पण शस्त्रक्रियेआधीच्या धावपळीत, रक्त, एक्स-रे, भूल, पैसे या सगळ्यात ते राहून जातं, आणि बाई माझ्याकडे येते ती नंतरच. तुमच्या घरातल्या कुणाची ही शस्त्रक्रिया ठरली असेल, कोलकात्यात असो की कोल्हापुरात, तर आदल्या दिवशी फिजिओथेरपिस्टला बोलवायला सांगा. नाहीच कुणी आलं तर स्वतः पट्टी घ्या, दोन्ही हात मोजा, वहीत तारखेसह लिहा, आणि ती वही फाइलला टाचून ठेवा.